जाळाकडं बघ, म्हणाला होतात

अण्णा, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. मी तुमच्या भावकीतला नाही. गावातल्या तुमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आमच्या वस्तीतलं कुणी कधी गेलेलं नाही. आमच्या घरात पेन हातात धरणारा मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजच्या अंकात माझं लिहिलेलं छापावं एवढी माझी पात्रता झाली आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण ज्यांनी तुमच्याबद्दल लिहायला हवं ते लिहिणार नाहीत. त्यांनी तुमचा हात मोडला. म्हणून भीत भीत मी लिहितो आहे.

तुमचा जन्म कुठल्या सालचा, शाळा किती झाली, हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत आहे तो पोळा.

त्या साली विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला होता. आमच्या पोरांनी त्या नावाच्या घोषणा दिल्या आणि गावाने आमचं पाणी तोडलं. वाण्याने मीठ बंद केलं. तरी पोळ्याला तुम्ही दरवर्षीसारखे जिंतूरहून बोरीला आणि बोरीहून चालत गावात आलात, गळ्यात कॅमेरा अडकवून. त्याला तुम्ही पेटी म्हणायचा. तुमच्याशिवाय पोळा होतच नव्हता. शेतकऱ्याला सजवलेल्या जोडीबरोबर फोटो हवा असतो, पण तो एका बैलापाशी उभा राहिला की दुसरा पोरका दिसतो. त्यावर तुम्ही तोड काढली होती. भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा धरायचा, मालकाला डाव्या बैलापाशी उभं करून खटका दाबायचा. मग फिल्म पुढे न गुंडाळता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला घ्यायचा, मालकाला उजव्या बैलापाशी पाठवायचा आणि पुन्हा खटका. फोटोत दोन्ही बैलांची वेसण एकाच माणसाच्या हातात. पाच कोसांवरून लोक त्यासाठी यायचे.

आम्ही पाराच्या अलीकडे, लांबून बघत होतो. तुमचा चुलतभाऊ माणिक नवा फेटा बांधून जोडीपुढे उभा होता.

"हालू नको रं माणक्या. बैल हालला तर दोन शेपट्या येतेत, तू हाललास तर दोन नाकं."

"मला दोनदा काढ अण्णा. पर बायकूला काढशील तवा एकदाच काढ. दोन झेपायच्या न्हाईत."

सगळा गाव हसला. लांबून आम्हीही हसलो. हे मला आठवतं आणि माझी मलाच शिसारी येते, कारण दिवस मावळताच त्याच माणिकने माझ्या आत्याला मारलं.

कारण काय, तर निळा रंग. गयाआत्याने बटईने केलेल्या शेताचे दोन बैल होते. त्यातल्या एकाची शिंगं निळी रंगवलेली. आई म्हणते, दुकानात तेवढाच रंग उरला होता. आत्या आदल्या दिवशी म्हणाली होती, मी मुद्दाम लावलाय, बघू कोण काय करतंय ते. तोरणाखाली बैल गेला तेव्हा कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी आले ते रॉकेलचे डबे घेऊन.

पावसाने छपरं भिजलेली होती, बाहेरून पेटेनात. मग आत शिरून अंथरुणांना काड्या लावल्या. आई मला ओढत नाल्यापलीकडच्या ज्वारीत घेऊन गेली आणि माझं तोंड दाबून अंगावर पडून राहिली. तिची नखं माझ्या गालात रुतली होती. आत्या बैल सोडायला मागे राहिली. तिने विळ्याने दावं कापलं, निळ्या शिंगांचा बैल धुरातून उधळत बाहेर आला, आणि ती दारात आली तेव्हा समोर माणिक होता. पहिला घाव खांद्यावर बसला. ती पडली नाही, दमलेलं माणूस बसतं तशी खाली बसली. दुसरा मानेत. मग त्याने तिला पायाने आत ढकललं. आत जाळ होता.

तुम्ही आमच्या विहिरीच्या कठड्यावर पेटी टेकवून उभे होतात, हे आम्हाला पुढे कळलं. दुसऱ्या घावाच्या आधी तुम्ही खटका दाबला.

आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. तिथं तुम्ही आलात, पण लगेच नाही आलात, हेही लिहायला हवं. आत्याची राख सावडून झाली होती. तुमच्या पोटाशी तो फोटो होता, शर्टाच्या आत. तुम्ही तो आईपुढे धरला. पाठीमागे सगळं खोपट पेटलेलं, मधोमध माणिक, कुऱ्हाड वर, कपडे काळेकुट्ट, आणि शेजारच्या जळत्या छपराच्या उजेडात त्याचा अर्धा चेहरा स्पष्ट. खाली आत्याचा हात. आईने बघितलं. मग तुमच्या थोबाडीत मारली. असा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही. तुमच्यासारख्या माणसाच्या अंगाला आमच्या बाईने हात लावला होता.

"खटका दाबाय हात मोकळा होता व्हय?" आई म्हणाली. "त्याचा हात धराय न्हवता?"

तुम्ही गालाला हातसुद्धा लावला नाही. खाली पडलेला फोटो उचलून सरळ पोलिसांकडे गेलात. सोबत फिल्मची अख्खी पट्टी दिलीत, न कापता. कापून दिली तर म्हणतील काहीतरी लपवलं, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. ती पट्टी न कापणं ही तुमची एकच चूक, आणि ती तुम्ही सरळपणाने केलीत.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्याकडे किती वेळा मागितलं असेल. कॉलेजला परभणीत आल्यावर सुट्टीत जिंतूरला उतरलो की पाय तुमच्या स्टुडिओकडे वळायचे. पहिल्यांदा आलो तेव्हा दारातच थांबून "मालक" म्हणालो. तुम्ही आतून ओरडलात, "कुनाचा मालक? या पेटीचा मालक हाय मी. आत ये, आन् अण्णा म्हन, न्हाईतर भाईर जा." त्या दिवशी तुम्ही मला लग्नाच्या फोटोची खुर्ची दिलीत बसायला. मी काठावर बसलो. तुम्हाला राग आला. "नीट टेकून बस. खुर्ची चावत न्हाई."

तोवर तुमचा उजवा हात गेलेला होता. पट्टी पोलिसांना दिल्यानंतर तुमची आई आजारी पडली म्हणून निरोप आला आणि तुम्ही गावाला गेलात. आई धडधाकट होती. ओसरीवर भावकी बसलेली. दोघांनी तुम्हाला धरलं, तिसऱ्याने तुमचा हात उंबऱ्यावर ठेवला आणि माणिकच्या धाकट्या भावाने कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे बोथट बाजू, घातली, पुन्हा पुन्हा, बोटं सपाट होईपर्यंत. तुमची आई आत दार लावून रडत होती. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा डाव्या हाताने फिल्म धूत होतात आणि आवाज जराही बदलला नव्हता. एवढंच म्हणालात, "बोटं मोडल्याचा आवाज लय बारीक आस्तो. पापड मोडल्यावानी."

मी विचारलं, "आत्याचा हात का नाही धरलात? माणिकचा का नाही?"

कधी तुम्ही म्हणालात, मधे पडलो असतो तर दोन मुडदे पडले असते आणि फोटो एकही नसता. कधी म्हणालात, मी भ्यालो. एकदा म्हणालात, "काचंतनं बघितलं की मानूस लय लांब वाटतो रे. मला वाटलं मी तितं न्हाईच." त्यावर मी म्हणालो, "आत्या तिथंच होती." तुम्ही उठून बाहेर गेलात, शेजारच्या हमीदचाचांच्या शिलाई मशीनपाशी जाऊन उभे राहिलात आणि बराच वेळ आत आला नाहीत. ते भांडण तसंच राहिलं, अण्णा. तुम्ही गेलात म्हणून मी ते मिटलं असं लिहिणार नाही.

पण त्याच खोलीत तुम्ही मला सगळं दाखवलंत. हमीदचाचांनी शिवून दिलेला काळ्या मखमलीचा पडदा, पुठ्ठे, लाल दिवा. लग्नाच्या फोटोत तुम्ही समईच्या ज्योतीशेजारी नवरीचा चेहरा आणायचा, तो कसा आणायचा ते. "फिल्मवर फकस्त उजेड उमटतो," तुम्ही सांगायचात. "काळं म्हंजे कोरी जागा. त्या कोऱ्या जागंत दुसरा येऊन बस्तो. दोन्ही बारी उजेड निम्मा घ्यायचा, न्हाईतर दोघंबी जळतेत." मी मान डोलवायचो. मला तेव्हा ती नुसती करामत वाटायची, लग्नसराईची.

मग कोर्ट. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मोडका हात खिशात ठेवला होता. आई, मी आणि वस्तीतली माणसं मागच्या भिंतीला लागून उभी होतो. बसायला बाकं होती, पण आम्ही उभेच राहिलो. समोरच्या वकिलाने फिल्मची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

"ही तुमचीच पट्टी?"

"हाव."

"एकाच दिवशीची?"

"हाव साहेब. पोळ्याची."

"हा फोटो बघा. डाव्या बैलापाशी कोण आहे?"

"माणिक."

"आणि उजव्या बैलापाशी?"

तुम्ही पट्टीकडे बघितलंत.

"माणिकच," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे त्या दिवशी माझा अशील एकाच वेळी दोन ठिकाणी उभा होता?"

कोर्ट हसलं. शिपाई हसला. आमच्या बाजूचे सरकारी वकीलसुद्धा तोंडावर कागद धरून हसले. मग त्याने तुमच्या दुकानावरची पाटी वाचून दाखवली: एका फोटोत दोन रूपं, खात्रीने. "याच पट्टीवर पुढचा फोटो आगीचा आहे. आधी आग काढली, मग त्याच फिल्मवर माझ्या अशिलाला आणून बसवलं. तुमची भावकीत जमिनीची तक्रार आहे ना? अशी खात्री देता तुम्ही?"

"साहेब, जाळाकडं बघा. जाळ—"

"हो किंवा नाही. एका फिल्मवर दोन फोटो काढता येतात का तुम्हाला?"

"येतात, पर जाळ—"

"बस्स."

माणिक सुटला. कोर्टाबाहेर त्याला हार घातले. त्याने आमच्याजवळून जाताना आईकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली, फोटोला उभा राहिल्यासारखा हसला. माझ्या हातात दगड कधी आला मला कळलं नाही. तुम्ही डाव्या हाताने माझं मनगट असं पिरगाळलंत की दगड गळून पडला. मी तुमच्या अंगावर ओरडलो, "आता बरा हात धरता येतो तुम्हाला!"

या वाक्याबद्दल मी काही म्हणणार नाही. ते खरं होतं, आणि मी आज जिवंत आहे तो तुम्ही हात धरलात म्हणून, हेही खरं आहे.

त्याच दुपारी तुम्ही स्टुडिओची पाटी उतरवली आणि कुऱ्हाडीने फोडली. मग दर्शनी काचेच्या कपाटावर घाव घातलेत. समईतल्या नवऱ्या, दोन-दोन मालकांच्या मधले बैल, सगळं काचांखाली. काचा तुमच्या पायात, दंडात घुसल्या होत्या. हमीदचाचा मशीन सोडून धावत आले आणि तुम्हाला पाठीमागून कवेत धरलं. "अण्णा, बस करो, खून निकल रहा है." तुम्ही त्यांनाही ढकललंत. शेवटी दम लागून खाली बसलात, त्या काचांतच, आणि गळ्यातली पेटी काढून माझ्या अंगावर टाकलीत.

"ने ही. शीक."

"काय शिकू? एवढं झालं तरी डबल फोटोच शिकू? याच्यानंच घात केला."

"शीक म्हनलं ना."

"तुम्ही पळायलात अण्णा. तुम्हाला आता काही करायचं नाही म्हणून मला खेळणं द्यायलात."

"माझ्या हातचं आता कोन धरतंय खरं? मोडला तो बरा, हाय तो खोटा. डोळे हायत का तुला? जाळाकडं बघ रे गाढवा. जाळाकडं बघ!"

मला वाटलं तुम्हाला भ्रम झाला. मी पेटी घेतली ती रागाने घेतली.

यंदा शिमग्याला कॉलेजच्या मागच्या मैदानात होळी होती. माझ्या खोलीत बालाजी राहतो, देवगाव फाट्याकडचा, त्याच्या घरी मेंढरं आहेत. माणिकचा वकील कोर्टात म्हणाला तसं करून तरी बघू, खोटा फोटो कसा दिसतो ते बघू, असं मी त्याला म्हणालो. आधी होळी काढली. मग फिल्म न गुंडाळता, काळ्या घोंगडीपुढे बालाजीला काठी उगारून उभं केलं आणि पुन्हा खटका दाबला. फिल्म धुऊन छापली तेव्हा बालाजी फोटो हातात घेऊन ओरडला, "आरं, माझ्या पोटात होळी पेटली की! खानावळीच्या भाजीचा गुण हाय ह्यो."

मी हसलो नाही. मी फोटो त्याच्या हातातून घेऊन दिव्याखाली धरला.

जाळ त्याच्या आरपार दिसत होता. छातीतून, पोटातून, काठीच्या हातातून. मी उलट करून बघितलं, आधी बालाजी, मग होळी. तरी तेच. पुठ्ठा धरून बघितलं तर जाळ सरळ रेषेत कापला गेला, धारदार वस्तूने कापल्यासारखा. फिल्मवर फक्त उजेड उमटतो. एकदा जाळ उमटला की त्या जागी कुठलाही माणूस काळा होऊ शकत नाही, जाळ त्याच्यातून वर येतोच. आणि तुमच्या फोटोची कोर्टातून मिळालेली प्रत माझ्याकडे होती, तिच्यात माणिक काळाकुट्ट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वाळा आहेत, फेट्याच्या सुटलेल्या शेमल्याभोवती ज्वाळा आहेत, पण त्याच्या अंगातून एकही ज्वाळा दिसत नाही. तो तिथं होता. जाळ आणि तुमची पेटी यांच्या मधे तो स्वतः, हाडामांसाचा, उभा होता.

तुम्ही कोर्टात हेच सांगत होतात. हेच मला काचांत बसून सांगत होतात.

मी दोन्ही फोटो, तुमचा आणि होळीचा, घेऊन आमच्या नव्या वकिलांकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ बघितले आणि म्हणाले, यावर वर दाद मागता येईल, पण हे सांगायला फोटो काढणारा माणूस स्वतः उभा राहिला पाहिजे. मी आईला कळवलं. आई तुमचं नाव घेत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "जा. घेऊन ये त्याला." त्याला म्हणाली, पण घेऊन ये म्हणाली. मला ते तुम्हाला सांगायचं होतं. फोटोपेक्षाही तेच आधी सांगायचं होतं.

आता उभं कोण राहणार, मला माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, चार माणसं वाचतील तर वाचोत: त्या फोटोत जाळ माणिकच्या आरपार दिसत नाही. अण्णांनी त्या पट्टीवर अनेक फोटो दोनदा काढले. हा एकदाच काढला.

सकाळची एसटी धरली. फोटो वहीच्या पुठ्ठ्यांत घालून पिशवीत ठेवले होते, वाकू नयेत म्हणून. झरी गेली, बोरी गेली. मी मनात तुमच्याशी बोलत होतो, तुम्ही टपली कुठं मारणार आणि मी कुठं वाकणार तेही ठरवलं होतं. बोरीच्या थांब्यावर गावातली, माणिकच्या बाजूची दोन माणसं चढली. त्यांनी मला ओळखलं आणि एकमेकांकडे बघून गप्प बसली. मला वाटलं, नेहमीचंच.

जिंतूरला उतरून गल्लीत वळलो. दुकानं उघडी होती. हमीदचाचांची मशीन मात्र बंद होती आणि ते स्वतः तुमच्या दारात उभे होते, टोपी हातात घेऊन. तुमचा काळ्या मखमलीचा पडदा आत खाली अंथरलेला दिसला. त्यावर काय आहे ते मला दिसलं आणि मी बघितलं नाही.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला निरोप मिळाला म्हणून मी आलोय.

"मातीला आलास का बेटा? बरं झालं. भावकीतलं कोनी यायला तयार न्हाई. आमी तिघं हाव," ते म्हणाले. "चौथा खांदा कमी पडायलाय."